पाचवा टेक

९ जानेवारी

ताई,

आज मी एकटी अठराजणी झाले.

हसू नकोस. किंवा हस, तेवढ्यासाठीच सांगते आहे. एका सिनेमाच्या गाण्याला व्हायोलिनचा मोठा ताफा हवा होता आणि अरेंजरच्या वाट्याला आलो होतो मी आणि एक करकरणारी खुर्ची. अशा वेळी तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवून एकावर एक चढवतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं अख्खी फौज बसली आहे. फक्त अठराही वेळा मी मीच राहिले तर फौज ऐकू येत नाही, एकच बाई फुगल्यासारखी ऐकू येते. म्हणून दर खेपेला मी दुसरी कोणी होते. खुर्ची सरकवते, व्हायोलिन बदलते, गज सैल करते. पहिली घाईची, तिचं घरी दूध उतू चाललंय. दुसरी सुराला चोख, पण जरा नाकाने कांदे सोलणारी. तिसरीला चौथी आवडत नाही, म्हणून ती मुद्दाम केसभर आधी सुटते. माझं एकटीचं बरं चाललेलं असतं तिथे.

सातव्या खेपेला मी तू झाले. ठरवून नाही. मान आपोआप डावीकडे झुकली, गज टोकाकडे गेला आणि तू सूर सोडताना जो थोडासा रेंगाळतेस ना, तसं झालं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाकांनी मान वर केली. हेडफोनमधून म्हणाले, "सातवी कोण गं? हिला जरा पुढे घेतो."

मी म्हटलं, "ताई आहे माझी."

काकांनी मान खाली घालून सातवीचा आवाज वाढवला. तुझ्या वाजवण्याची तबकडी त्यांनीच केली होती, तुझा सूर त्यांना ओळखू आला असणार. मग उरलेल्या अकराजणी मी पटापट उरकल्या. त्या सगळ्या सारख्याच झाल्या आहेत, पण अरेंजरला कळलं नाही.

आपण बोललो त्याला सतरा वर्षं झाली. तुझा पत्ता आईकडे मागितला तर म्हणाली, "एका ताटात जेवलात दोघी, आणि आता मला पोस्टमन करता? पत्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. तू कधी घडी केलेले कपडे आत ठेवले असतेस तर दिसला असता."

दर रविवारी सकाळी दहाला ती तुझ्याशी फोनवर बोलते, तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी असते. तिची बाजू ऐकते, तुझी मनात भरते. ती "हो का?" म्हणाली की मी ठरवते, तू शिकवतेस त्या शाळेत तुला कोणीतरी छळतंय. ती हसली की मात्र माझा पूर्ण दिवस जातो, कारण तू काय म्हणाली असशील ते काही केल्या मला जमवता येत नाही.

मला तुझी आठवण येते. हे लिहायला मी दोन पानं घेतली, म्हणजे बघ. एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण तुझ्या अक्षरात दे.

तुझी
शेपूट

२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही सतरा वर्षं दिलं नव्हतं, तू चोवीस दिवस दिलं नाहीस तर मला बोंब मारायचा हक्क नाही.

परवाचा दिवस सांगते. सकाळी नऊला साबणाची जाहिरात. त्यात व्हायोलिनने "ताजं" वाटायला हवं. साहेब तीनदा म्हणाले, "अजून ताजं." शेवटी मी तेच पुन्हा वाजवलं आणि भुवया उंचावल्या, तेव्हा पास झालं. बाराला एका सिनेमातलं मरण. पडद्यावर म्हातारा पाच मिनिटं मरतो आणि मला त्याच्या श्वासाबरोबर सूर धरायचा होता. म्हातारा नट मोठा खोडसाळ, संपला संपला म्हणता पुन्हा श्वास घ्यायचा. चारला रॉकवाली मंडळी. त्यांना व्हायोलिन रागावलेलं हवं होतं. मी एका जुन्या माणसाची आठवण काढली आणि असं वाजवलं की ढोलवाला दोन मात्रा विसरला. उद्या टँगो आहे, परवा घोड्यावरून पळून जाणारी नायिका. कोणी विचारतं, तुमची स्वतःची शैली कोणती? मी विचारते, आज कोणती हवी आहे?

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील हिची नेहमीची सवय, घर जळताना रांगोळीबद्दल बोलते.

कंपनीवाल्यांना तुझी तबकडी पुन्हा काढायची आहे. तुला त्यांनी दोनदा लिहिलं म्हणे, तू उत्तर दिलं नाहीस. (म्हणजे मी एकटीच नाही. बरं वाटलं.) तिथे आता एक नवी बाई आहे, हुशार आहे, तबकडी तिला मनापासून आवडते. आणि तिला सगळ्यांत जास्त काय आवडतं माहीत आहे? शेवटची ओळ. तो खाली उतरणारा लांब सूर. सतरा वर्षांपूर्वी ज्याने त्याने जिचं कौतुक केलं होतं, तीच.

तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, त्या ओळीचे बावीस सेकंद तुझे नाहीत, माझे आहेत. तुला ताप होता. तबकडीची तारीख ठरली होती. शेवटच्या सुरावर तुझा गज थरथरला होता. त्या वेळच्या कंपनीच्या साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, तुम्ही हुबेहूब ताईंसारखं वाजवता, तेवढं भरून द्या. मी काय करणार होते? हाताखालचं माणूस, सांगितलं ते केलं. तुला सांगायचं राहून गेलं, एवढीच काय ती माझी चूक.

एवढं लिहून थोडा वेळ थांबले होते. असू दे, तसंच पाठवते.

माझ्या मनात असं आहे. तुझं मूळ वाजवणं टेपवर असणारच. काका गोदामातून टेप काढणार आहेत. माझं काढून टाकू, तुझं जागच्या जागी बसवू. कोणाला सांगायची गरज नाही. तू फक्त हो म्हण. मग तरी बोलशील माझ्याशी?

आई बरी आहे. गुडघा सोडून.

शेपूट

२१ फेब्रुवारी

ताई,

आज टेप उघडली.

डब्यावर काकांचं जुनं अक्षर, तुझं नाव, खाली आठ ट्रॅकची यादी. यंत्र तापायला वेळ लागला. मग तू आलीस. वाजवण्याआधी तू नाकाने श्वास घेतेस तो आवाज तबकडीत कापला होता, टेपवर आहे. मला खुर्चीत नीट बसावं लागलं. खोलीत तू नव्हतीस आणि तुझा श्वास मात्र होता, त्याचं काय करायचं ते मला कळेना.

शेवटची ओळ आली. काकांनी पियानो बंद केला, मागचं सगळं बंद केलं, फक्त तुझा ट्रॅक ठेवला. त्यात मी होते. मी विचारलं, "हे माझं झालं. ताईचं कुठल्या ट्रॅकवर आहे?"

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "अगं, आठच होते. जागा कुठे होती? तुझं तिच्यावरच घेतलं."

टेपवर नवं भरलं की खालचं पुसलं जातं. मला माहीत नव्हतं असं म्हणू? रोज तेच बघते मी. त्या दिवशी तुझ्या ट्रॅकवरचा लाल दिवा लागला तो मी पाहिला होता. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. सतरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते कुठेतरी ठेवलेलं आहे.

आता तुला ऐकवायला काही उरलेलं नाही. फक्त माझा शब्द उरला आहे आणि त्याची तुझ्याकडे काय पत आहे ते मला ठाऊक आहे. तरी सांगते. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते अर्धं होतं.

तुझे पाच टेक होते. चार खरंच वाईट होते, तू तापाने फणफणली होतीस. पाचवा चांगला होता. गज थरथरला होता, पण सूर कुठेही सुटला नव्हता. तू तो सूर जपून, पडेल की काय असा धरून खाली आणला होतास. काकांचे डोळे भरले होते, मी पाहिले. साहेबांचंही मन होत होतं. तू घरी गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही घरचं माणूस. तुम्ही सांगा, हे चालेल का?"

मी म्हणाले, "नाही चालणार."

मला कोणी भाग पाडलं नाही. मी हेवा केला. लहानपणापासून बाबा म्हणायचे, मोठीच्या हातात गाणं आहे आणि धाकटीच्या कानात. तुझी तबकडी निघत होती आणि मी कुणाच्या तरी लग्नाच्या दृश्यामागे तिसऱ्या रांगेत वाजवत होते. मला एकदा, एकदाच पुढे यायचं होतं, तुझ्या नावाने का होईना. म्हणून तुझं चांगलं असलेलं मी वाईट म्हटलं आणि त्यावर माझं वाजवलं, स्वच्छ, न थरथरता.

तबकडी घरी आली त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बारा-पंधरा माणसं होती. शेवटची ओळ लागली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात आलीस. मी कप विसळत होते. तू म्हणालीस, "माझं इतकं वाईट झालं होतं का गं?"

मी नळ मोठा सोडला. माझ्या गप्प राहण्याला तू हो समजलीस आणि मी तसं समजू दिलं. तिसऱ्या आठवड्यात तू व्हायोलिनची पेटी बंद केलीस आणि त्या लांबच्या शाळेत शिकवायला निघून गेलीस. आईला म्हणालीस, माझा हात गेला. आई अजून सगळ्यांना तेच सांगते.

तुझा हात गेला नव्हता, ताई. हे सांगायला मला सतरा वर्षं लागली, तीही तुझा टेक टेपवर सापडला नाही म्हणून.

२३ फेब्रुवारी

ताई,

परवाचं पत्र फाडून टाक.

नाही. फाडू नकोस. तू काय करायचं ते मी सांगायची आता सोय राहिलेली नाही. कंपनीच्या बाईला मी सगळं खरं सांगितलं आहे. ती म्हणाली, तुझ्याकडून काही येईपर्यंत तबकडी काढणार नाही.

आज सकाळी एका मिठाईच्या जाहिरातीसाठी उड्या मारणारं काहीतरी वाजवलं. छान झालं, हे सांगतानाही लाज वाटते.

१९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं, त्याला दोन आठवडे झाले. आईने पाकीट आधी हातात धरून उलटसुलट केलं, मग चिडून माझ्याकडे दिलं. म्हणाली, "तिचं अक्षर नाहीये हे. कोणी लिहून दिलंय." मला वाटलं, तू मुद्दाम दुसऱ्याकडून लिहवून घेतलंस. मग वाचलं.

तुझं पत्र मला पाठ झालं आहे. तरी इथे उतरवते, नीट समजलं ना ते तू बघ.

तू म्हणतेस, "हात आता खरंच थरथरतो. पेला धरायला दोन्ही हात लागतात, पत्र शेजारच्या बाई लिहून देत आहेत. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं. मी त्यांना म्हटलं, हे जुनं आहे, तबकडीच्या वेळेपासूनचं. ते नाही म्हणत होते, मी ऐकत नव्हते. तुझ्या पत्रावरून कळलं की ते बरोबर होते. म्हणजे मधली तेरा वर्षं माझा हात चांगला होता."

यानंतर शेजारच्या बाईंनी खाली थोडी जागा सोडली आहे. मी त्या जागेकडे फार वेळ बघत होते.

आणि मग, "पाचवा टेक चांगला होता म्हणतेस. मला काही आठवत नाही, ताप होता. पण तू एकदा ऐकलेलं विसरत नाहीस. मला ऐकायचंय मी कशी वाजवली होती ते. आठवत असेल तर ये आणि वाजवून दाखव. आठवत नसेल तर येऊ नकोस."

ताई, त्या दिवसापासून मी कामं नाकारली. टँगोवाल्यांनी पुन्हा बोलावलं होतं, ते रागावले, त्यांना म्हटलं बोट कापलं. रोज सकाळी आई देवळात, म्हणजे तिच्या त्या मैत्रिणींच्या घोळक्यात गेली की मी दार लावून बसायचे. ती ओळ धरायची. खाली उतरायचं. शेवटचा सूर.

दर वेळी माझंच येतं. स्वच्छ.

मग थरथर घालून बघितली. मनगटातून घातली, ती भीतीची वाटली. कोपरातून घातली, ती थंडीची वाटली. बोटांतून घातली, तेव्हा जरा जमलं. बारा दिवस हेच चालू होतं. मला साबणाचं ताजेपण करता येतं, म्हाताऱ्याचं मरण करता येतं, अठराजणींतल्या त्या कजाग तिसरीची खुन्नस करता येते. एक तापाचा हात करता येऊ नये?

परवा आई लवकर परत आली. मला कळलं नाही. सूर संपला आणि दाराबाहेरून तिचा आवाज आला, "मोठी आली का गं? कधी आली?" दार उघडलं तर ती पिशवी हातात धरून उभी, डोळ्यांत पाणी. आत वाकून बघितलं तिने, पलंगाच्या पलीकडेसुद्धा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू होतीस होय." आणि भाजी निवडायला बसली.

म्हणजे आईला फसवता आलं. तुलाही येईल. तुला तो टेक आठवत नाही, काकांना तो आता नीट आठवत नाही, साहेब गेले. मी जे वाजवीन तेच खरं ठरेल. तू डोळे मिटून ऐकशील, तुला बरं वाटेल, मला आत घेशील. मी गाडीचं तिकीटही काढलं आणि व्हायोलिनच्या पेटीला नवीन पट्टा लावला. दिवसभर मी इतकी आनंदात होते की आईने विचारलं, काय गं, लॉटरी लागली का?

संध्याकाळी पेटीत व्हायोलिन ठेवताना मला कळलं की मी पुन्हा तेच करायला निघाले आहे. तुझ्या जागी माझं वाजवणार, आणि तू त्याला स्वतःचं समजणार.

ताई, मला पाचवा टेक आठवत नाही. चांगला होता एवढंच आठवतं. काकांचे डोळे आठवतात, साहेबांचा प्रश्न आठवतो, माझं उत्तर आठवतं. सूर आठवत नाही. मी एकदाच ऐकला होता आणि नंतर सतरा वर्षं त्यावर मनात माझाच वाजवत राहिले. टेपवर पुसला गेला तसा माझ्याही कानात पुसला गेला. जगात तो आता कुठेच नाही.

तू लिहिलंस, आठवत नसेल तर येऊ नकोस. मला आठवत नाही, आणि मी येते आहे.

शनिवारी दुपारी अडीचला गाडी पोचते. तिथून चालत यायला वीस मिनिटं लागतात असं आई म्हणते, म्हणजे मला पस्तीस लागतील. व्हायोलिन घरीच ठेवते आहे. पाच वर्षांची असल्यापासून मी पेटीशिवाय कुठे गेले नाही, त्यामुळे हातांचं काय करायचं ते मला सुचणार नाही, तेव्हा काहीतरी काम दे. भांडी घासीन, तुझी पत्रं लिहून देईन, पेला धरीन.

दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी पायरीवर बसेन. संध्याकाळची गाडी आहे, ती गेली तर सकाळची आहे. रविवारी दहाला आईचा फोन येईल तेव्हा तिला मी आले आहे की नाही ते तूच सांग. या खेपेला मला तुझी बाजू ऐकायची आहे, दाराबाहेरून का होईना.

शेपूट